दमास्कसची सुरी: नक्षीवरून काय कळतं आणि काय कळत नाही

चाकू-सुऱ्यांच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत चाळल्या असतील, तर लाटालाटांची नक्षी असलेली पाती नजरेतून सुटलेली नसणार. खाली ठरलेला मजकूर असतो: '६७ थर', 'अस्सल दमास्कस', 'प्राचीन योद्ध्यांचं पोलाद'. दोन पाती दिसायला सारखीच, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. घेणाऱ्याला फरक कळत नाही, आणि तो कळावा अशी विकणाऱ्याचीही फारशी इच्छा दिसत नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पात्यावरची नक्षी खरी असेल, तर पोलादाचं जोडकाम कसं झालंय हे तिच्यावरून बऱ्यापैकी कळतं. सुरी कापेल कशी, धार टिकेल किती, हे मात्र तिच्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. असं का, ते पायापासून बघू.

एक नाव, दोन पोलादं

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. दमास्कस हे नाव आज दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावलं जातं.

पहिली वस्तू जुनी. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत लोखंड आणि कोळशासारखा कार्बन देणारा पदार्थ मातीच्या बंद मुशीत घालून तापवत आणि त्यातून पोलादाचे छोटे गोळे काढत. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे या कामाचं एक नावाजलेलं गाव. पुढे 'वुट्झ' म्हणून जगाला माहीत झालेलं हे पोलाद व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम आशियात जाई आणि तिथले कारागीर त्याच्या तलवारी घडवत. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का, म्हणजे भरपूर. या जादा कार्बनचे लोहाशी संयोग होऊन अतिशय टणक सूक्ष्म कण बनतात, त्यांना कार्बाइड म्हणतात. पातं घडवताना हे कण पट्ट्यापट्ट्यांनी जमत, आणि आम्ल लावलं की त्या पट्ट्या पांढुरक्या रेषा होऊन उठून दिसत. यात कुठेही थर जोडलेले नसत. नक्षी पोलादाच्या पोटातूनच येई.

ही कला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मागे पडली आणि मग विसरलीच गेली. युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांनी तिचा पाठपुरावा केला. विजेवरच्या प्रयोगांसाठी आपण ज्याला ओळखतो त्या मायकेल फॅरेडेने १८१९च्या सुमारास वुट्झचं पृथक्करण केलं होतं. कोडं बरंचसं सुटलं ते १९९०च्या दशकात. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवून दिलं, की त्या पट्ट्या जमायला पोलादात व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्यं अत्यल्प प्रमाणात असावी लागतात. ज्या खाणींच्या धातुकात ती होती ते धातुक संपलं, आणि जुनीच कृती करूनही नक्षी येईना, असा त्यांचा तर्क.

दुसरी वस्तू म्हणजे वेगवेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकमेकींवर रचून, भट्टीत पांढऱ्या-पिवळ्या होईपर्यंत तापवून, ठोकून एकजीव केलेला ठोकळा. हीदेखील नवी नाही. इंग्लंडमध्ये सटन हू इथल्या दफनात सापडलेली सातव्या शतकाच्या सुरुवातीची तलवार याच जातीची आहे. आजची लाट मात्र अलीकडची. बिल मोरन या अमेरिकन लोहाराने १९७३ साली चाकू बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली, त्यांना दमास्कस म्हटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आज दुकानात दमास्कस म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या जातीचं. इथून पुढे बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. त्याला थरांचं पोलाद म्हणू.

नक्षी येते कुठून

चाकू बनवणाऱ्यांची आवडती जोडी आहे १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांची. हे नुसते प्रतवारीचे क्रमांक आहेत, घाबरायचं कारण नाही. पहिल्यात कार्बन ०.८४ टक्क्याच्या आसपास आणि थोडं मँगनीज. दुसऱ्यात कार्बन किंचित कमी, पण सुमारे २ टक्के निकेल. दोन्ही जोडून पातं घासून चकचकीत केलं तर साध्या करड्या पोलादासारखंच दिसतं. नक्षीचा मागमूस नसतो. ते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं, की निकेल नसलेले थर खाल्ले जाऊन काळे पडतात आणि निकेलवाले उजळ राहतात. दिसतो तो एवढाच फरक.

मग रेषा वळणदार कशा होतात? प्लायवूडचा तुकडा वरून बघितला तर एकच थर दिसतो. तोच कानशीने तिरका घासत नेला, की खालचे थर एकेक करून उघडे पडतात आणि वेडीवाकडी वळणं दिसू लागतात. लोहार हेच करतो, फक्त ठरवून. ठोकळ्याला ठिकठिकाणी खळगे पाडून मग तो सपाट केला तर गोल गोल डोळे उमटतात. आडव्या खाचा घेतल्या तर शिडी. तापलेला चौकोनी गज पिळला तर चांदण्यांसारखे आकार. नक्षी पात्यावर दोन्ही बाजूंनी नीट बसवणं, टोकापर्यंत तुटू न देणं, याला खरोखर हात लागतो. नक्षीचे पैसे मोजायला माझी अजिबात हरकत नाही. आपण ते कशासाठी मोजतोय हे माहीत असावं, इतकंच.

'कठीण आणि मऊ पोलादाचा संगम' हे खरं का?

जाहिरातीतलं सगळ्यात लाडकं वाक्य हेच. कठीण थर धार धरतो, मऊ थर पातं मोडू देत नाही, दोन्हींचे गुण एकत्र. ऐकायला पटतं. अडचण कार्बनची आहे.

पोलाद किती कठीण होणार हे मुख्यतः कार्बनवर ठरतं, आणि तापलेल्या पोलादात कार्बन एका जागी बसत नाही. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे सरकत राहतो. आता थरांची जाडी बघा. ३ मिलिमीटर जाडीच्या पात्यात ३०० थर असतील तर एक थर पडला एक शतांश मिलिमीटरचा, केसाहूनही बराच बारीक. भट्टीच्या तापमानाला एवढं अंतर कार्बन काही सेकंदांत पार करतो. ठोकळा दुमडून जोडायचं काम संपेपर्यंत सगळ्या थरांतला कार्बन जवळजवळ सारखा झालेला असतो. निकेल, मँगनीज आणि क्रोमियम मात्र त्या मानाने जागचे हलत नाहीत, म्हणून रंगातला फरक टिकतो. डोळ्यांना दोन पोलादं दिसतात, पण कठीणपणात तेवढा फरक उरलेला नसतो.

याची एक वाईट बाजूही आहे. स्वस्त ठोकळ्यात चांगल्या पोलादाबरोबर साधं बांधकामाच्या जातीचं लोखंड घालतात, कारण ते फुकटात पडतं आणि नक्षीत छान दिसतं. ०.८४ टक्के कार्बनवालं पोलाद अर्धं आणि ०.१ टक्केवालं लोखंड अर्धं घेतलं, तर हाती येते त्यांची सरासरी, म्हणजे ०.४७च्या आसपास. चाकूच्या धारेला साधारण ०.६ टक्क्यांच्या वर कार्बन लागतो असं मानतात. म्हणजे 'मऊ थर' घालून पातं चिवट झालं नाही, सगळ्या पात्यातलाच कार्बन कमी झाला. नक्षी मात्र या पात्यावरही उठते.

थर जास्त म्हणजे सुरी भारी?

नाही. सात पट्ट्यांनी सुरुवात केली आणि पाच वेळा दुमडलं की २२४ थर होतात, आणखी एकदा दुमडलं की ४४८. आकडा दुप्पट करायला एक दुमड पुरते. एका मर्यादेनंतर रेषा इतक्या बारीक होतात की नक्षीच दिसेनाशी होते. कमी थरांची ठळक नक्षी आणि जास्त थरांची नाजूक नक्षी हा आवडीचा प्रश्न आहे.

६७ थरांच्या सुरीची गोष्ट थोडी वेगळी

स्वयंपाकाच्या ज्या सुऱ्यांवर ६७ थर असं लिहिलेलं असतं, त्यांतल्या बहुतेकांत मधोमध एकाच पोलादाचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ३३-३३ थरांचं आवरण. दोहोंकडचे ३३ आणि मधला एक, झाले ६७. धार येते ती फक्त गाभ्यावर. ही रचना जपानी सुऱ्यांतून पसरली आणि तिच्यात काही खोट नाही. इथे गाभा पुरेसा जाड असल्यामुळे कठीण-मऊचा फरकही खरोखर टिकतो: आत कठीण पोलाद, बाहेर गंजाला दाद न देणारं मऊ आवरण. फक्त हे लक्षात ठेवायचं, की भाजी कापताना त्या ६६ थरांचा धारेशी काही संबंध नाही. एकाच साध्या पोलादाचं आवरण असतं तरी सुरीने तसंच कापलं असतं. विचारायचं ते गाभ्याबद्दल. व्हीजी-१० हे गाभ्यासाठी फार वापरलं जाणारं जपानी स्टेनलेस पोलाद. त्यात कार्बन १ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम सुमारे १५ टक्के.

मग दर्जा ठरतो कशावर?

दोन गोष्टींवर, आणि दोन्ही नक्षीत दिसत नाहीत.

एक, पात्याला पाणी कसं दिलंय. पोलाद ठरावीक तापमानाला तापवून एकदम थंड करायचं, म्हणजे ते कठीण होतं, आणि मग हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, याला पाणी देणं म्हणतात. १०८४साठी ढोबळमानाने ८१५ अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवणं आणि नंतर २००च्या आसपास तास-दोन तास शेकणं, असं काम असतं. तापमान फार वर गेलं तर आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ निघतं. शेक जास्त झाला तर पातं मऊ पडतं. नीट पाणी दिलेलं आणि बिघडवलेलं पातं आम्लातून काढल्यावर दिसायला सारखंच देखणं असू शकतं. सगळी गोम इथे आहे. थरांच्या पोलादात आणखी एक पेच असतो: दोन्ही पोलादांना एकच तापमान आणि एकच तेल मानवलं पाहिजे. १०८४ आणि १५एन२० ही जोडी लोकप्रिय झाली त्याचं मोठं कारण हेच.

कठीणपणा मोजायला रॉकवेल मापन वापरतात. हिऱ्याचं टोक ठरलेल्या दाबाने पोलादात रोवून ते किती खोल गेलं ते बघायचं. आकड्यापुढे एचआरसी लिहितात. स्वयंपाकाच्या चांगल्या कठीण सुऱ्या ५९ ते ६२च्या दरम्यान असतात, साध्या स्टेनलेसच्या बऱ्याचशा ५४ ते ५६. मोठा, लाकूड तोडायचा सुरा मुद्दाम थोडा मऊ ठेवतात, कारण तिथे धार टिकण्यापेक्षा मोडू न देणं महत्त्वाचं. म्हणजे मोठा आकडा आणि चांगला आकडा या दोन गोष्टी वेगळ्या.

दुसरी गोष्ट पात्याचा आकार, विशेषतः धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे. उत्तम पोलाद असूनही तिथे एक मिलिमीटर जाडी असेल तर सुरी गाजर कापत नाही, फोडते. या साध्या गोष्टीकडे लोक का बघत नाहीत याचं मला नवल वाटतं, कारण हे जोखायला कुठलंही यंत्र लागत नाही. सुरी डोळ्यांसमोर आडवी धरून टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या धारेच्या टोकाकडून बघायचं. पाठीपासून धारेपर्यंत पातं सरळ निमुळतं होत गेलेलं दिसलं पाहिजे. जाडजूड येऊन शेवटी पटकन तासलेलं असेल तर नक्षी कितीही सुरेख असो, ते पातं खाली ठेवा.

हातात घेऊन काय बघायचं

उजेड तिरका पडेल असं पातं धरा. आधी पाठ बघा. पूर्ण पातं थरांचं असेल तर पाठीवरही रेषा दिसल्या पाहिजेत, आणि बाजूवरची एखादी रेषा कडेवरून वळून पाठीवर जाताना पकडता आली पाहिजे. गाभ्याची सुरी असेल तर पाठीच्या मधोमध एक अखंड पट्टी आणि दोन्हीकडे बारीक रेषा दिसतात. काही वेळा पाठ इतकी चकचकीत केलेली असते की काहीच दिसत नाही. मग टाच बघायची.

मग धारेकडे या. गाभ्याच्या सुरीत धारेलगत काही मिलिमीटरची साधी, बिननक्षीची पट्टी असते आणि तिची वरची हद्द किंचित नागमोडी असते. 'धारेजवळ नक्षी नाही म्हणजे नकली' असं काहीजण सांगतात, ते चूक. उलट गाभ्याची म्हणून विकलेल्या सुरीत नक्षी अगदी धारेच्या काठापर्यंत पोचली असेल तर शंका घ्यावी.

आता नखाचा उपयोग. थरांच्या रेषेवरून हलकेच नख फिरवा. आम्लाने आलेला थोडासा खडबडीतपणा सगळीकडे सारखा लागेल. एकाच जागी नख अडकलं, किंवा एखादी रेषा बाकीच्यांपेक्षा काळी, तुटक आणि भेगेसारखी दिसली, तर तिथे थर नीट जुळलेला नसण्याचा संभव आहे. जोडताना राख किंवा भट्टीतला मळ आत अडकला की असं होतं. पात्याच्या मध्यावर असा दोष असेल तर एकवेळ चालेल, धारेत असेल तर तिथेच तुकडा उडणार. नक्षी इथे खरोखर कामी येते: साध्या पोलादात असा दोष लपून राहिला असता.

कठीणपणाचा घरगुती अंदाज पितळेच्या गजावर घेतात. धार हलक्या दाबाने गजावर टेकवून सरकवायची. ती किंचित लवून परत सरळ झाली तर ठीक. लवून तशीच राहिली तर पातं मऊ, कपची उडाली तर ठिसूळ. स्वतःच्या सुरीवर करायची परीक्षा आहे ही, दुकानदाराच्या सुरीवर नव्हे. कानस घासून बघणारेही असतात. पण गाभ्याच्या सुरीत कानस नक्षीवर घासली तर ती ओरखडा काढणारच, आवरण मऊच असतं. त्यावरून गाभ्याबद्दल काही कळत नाही.

आणि कागद सर्रकन कापून दाखवणाऱ्या व्हिडिओंबद्दल: कुठलाही स्वस्त चाकू दगडावर नीट लावला तर कागद कापतो. आज धार आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. धार किती टिकते ते मोजायची रीतसर पद्धत आहे, आयएसओ ८४४२-५ हे मानक. त्यात वाळूचे कण मिसळलेल्या कागदी पुठ्ठ्यांची चळत यंत्र पुन्हा पुन्हा कापत राहतं आणि दर खेपेला पातं किती खोल गेलं ते मोजतात.

नकली नक्षी कशी ओळखायची

साध्या स्टेनलेसच्या पात्यावर लेझरने किंवा आम्लाने नक्षी छापता येते, आणि छापतात. तिची लक्षणं सांगायला फार वेळ लागत नाही. पाठीवर आणि टाचेवर काही नसतं. तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो, किंवा दोन बाजूंची नक्षी हुबेहूब सारखी असते. पक्की खात्री एकाच प्रकारे होते: बारीक पॉलिश कागदाने थोडी जागा घासून पुसायची आणि तिथे परत आम्ल लावायचं. खरी नक्षी परत येते, छापलेली गेली ती गेली.

घोळ असा, की या परीक्षेत पास झालेलं पातंही वाईट असू शकतं. सरासरीत कार्बन हरवलेलं ते स्वस्त पातं आठवा. त्याची नक्षी शंभर टक्के खरी असते.

'पण जुन्या तलवारी तर अजोड होत्या ना?'

आपल्या काळात होत्याही. भट्टीतून निघणारं लोखंड तेव्हा कुठे कठीण, कुठे मऊ आणि मळीने भरलेलं असे. ते दुमडून ठोकल्याने मळ बाहेर पडे आणि धातू सारखा होई. वुट्झ तर वितळून बनलेलं, म्हणून आणखी स्वच्छ. आजचं कारखान्यातलं पोलाद मुळातच एकसारखं येतं. दुमडण्याचं ते जुनं कारण उरलेलं नाही.

इथे २००६ सालचा दाखला हमखास दिला जातो. ड्रेस्डेनच्या पीटर पाउफलर यांच्या गटाला सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, सापडल्या आणि ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. शोध खरा आहे. पण नलिका सापडल्या म्हणजे तलवार त्यांच्यामुळे जास्त कापत होती असं होत नाही, आणि त्या जुन्या वुट्झच्या तलवारीत होत्या, आजच्या थरांच्या सुरीत नव्हे. व्हरहोवन आणि पेंड्रे यांनी वुट्झच्या आणि आधुनिक पोलादांच्या पात्यांची धार टिकण्याची तुलनाही केली. जुन्या तलवारींच्या जवळपासच्या कठीणपणाला, ४१ एचआरसीला, वुट्झ किंचित सरस ठरलं. ६१ला मात्र आधुनिक पोलादांनी त्याला मागे टाकलं.

'मग उस्ताद लोहार दमास्कसच का घडवतात?'

कारण ते अवघड आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या संस्थेत मास्टरची पदवी मिळवायला किमान ३०० थरांचं पातं स्वतः घडवून परीक्षेला आणावं लागतं. त्या पात्याने लोंबता दोर एका घावात तोडायचा, बांधकामाचं लाकूड तोडायचं, त्यानंतर त्याच धारेने अंगावरचे केस साफ उतरले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये घट्ट धरून ९० अंशांत वाकवतात, तरी ते मोडता कामा नये. या कसोटीत नक्षीला गुण नाहीत. जोड पक्का आहे का आणि पाणी नीट दिलंय का, एवढंच तपासतात.

विकणाऱ्याला काय विचाराल

कुठलं पोलाद कुठल्या पोलादाशी जोडलंय? गाभा असेल तर कशाचा? एचआरसी किती, आणि तो मोजला कुठे, आवरणावर की धारेजवळ? पाणी कोणी दिलं? 'हाय कार्बन दमास्कस' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. ज्याने स्वतः घडवलंय तो क्रमांकासकट सांगतो, बहुतेकदा आपण विचारलं त्यापेक्षा जास्तच. फक्त थरांचा आकडा सांगणाऱ्याकडून घ्यायचीच असेल, तर शोभेची वस्तू म्हणून आणि त्या किमतीला घ्या.

गंजाचंही विचारून घ्या, कारण थरांचं पोलाद म्हणजे स्टेनलेस असं अनेकजण धरून चालतात. १०८४ आणि १५एन२०ची सुरी गंजते. आंबट काही कापून तशीच ठेवली तर तासाभरात डाग पडू शकतो. धुऊन लगेच कोरडी करायची, खूप दिवस वापरायची नसेल तर खाण्याच्या तेलाचा हात फिरवायचा, आणि चामड्याच्या म्यानात कायमची ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. वापरून आणि घासून नक्षी पुसट होत जाते, त्याने सुरीच्या कापण्यात काही फरक पडत नाही. हवी असेल तर ज्याने घडवली त्याच्याकडे परत आम्लात बुडवून घ्या. लगे हातों धार लावून घ्या, आणि धारेच्या वरची जागा वर्षानुवर्षांच्या लावण्याने जाड झाली असेल तर तीही बारीक करून मागा.